मला दिसते, म्हणजे कोणाला?

आपल्या मराठीत डोळ्यांच्या व्यवहारासाठी दोन क्रियापदे आहेत आणि त्यांचा उपयोग आपण इतक्या सहजपणे करतो की त्यांतील भेद आपल्या ध्यानातही येत नाही. 'मी झाड पाहते' या वाक्यात कर्ता मी आहे. 'मला झाड दिसते' या वाक्यात मात्र कर्ता झाड आहे आणि मी चतुर्थी विभक्तीत बाजूला उभी आहे. पाहणे ही मी केलेली गोष्ट, तर दिसणे ही मला घडलेली गोष्ट. पाहूनही न दिसणे शक्य असते. घरभर किल्ली शोधणाऱ्या माणसाला समोरच्या खुंटीवरची किल्ली दिसत नाही, हा अनुभव कोणाला नाही? उलट डोळे मिटलेले असताना स्वप्नात सारा गाव दिसतो. शाळेत व्याकरणाच्या तासाला कंटाळून सोडून दिलेला हा भेद किती खोल आहे, हे मानसशास्त्राचा अभ्यास करू लागल्यावर मला कळू लागले.

आजचे विज्ञान सांगते की दिसणे हे मेंदूचे कार्य आहे. हे म्हणणे कितपत खरे? मेंदूत घडते ते आणि मला दिसते ते, यांचे नाते नेमके कसले? वाचकांना वाटेल की कला शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत कशाला पडावे. हा प्रश्न डॉक्टरांचा आणि शास्त्रज्ञांचा आहे. माझे मत अगदी वेगळे आहे आणि ते आरंभीच सांगून टाकते. मेंदूचे कार्य आणि दिसणे यांची गाठ अतिशय घट्ट आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही. परंतु ही गाठ शास्त्रज्ञांना सापडली ती एका साध्या प्रश्नाच्या आधारे: 'तुम्हाला आता काय दिसते?' ज्याला दिसते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवल्यावाचून या शास्त्राचे पान हलत नाही. आणि नेमका हाच विश्वास आपल्या घराघरांत, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपण ठेवत नाही.

प्रथम डोळ्याविषयीचा एक गैरसमज दूर करू. डोळा म्हणजे कॅमेरा आणि मेंदू म्हणजे आतला पडदा, असे चित्र आपल्या डोक्यात असते. या चित्राची कसोटी पाहावयाची असेल तर लांब जावयास नको; तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग पुरेसे आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, तेथे बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. ज्या वर्षी पाऊस चांगला होतो आणि नदी भरून वाहते, त्या वर्षी नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे त्या बांधावरून कोसळतात. सहलीला गेलेली मंडळी तेथे छायाचित्रे काढण्यात गुंतलेली असतात. त्यांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. धबधब्याच्या एकाच जागी मिनिटभर नजर स्थिर ठेवावी आणि मग ती चटकन बाजूच्या काळ्या दगडी भिंतीवर न्यावी. भिंतीचे दगड वर सरकताना दिसतात! त्याहून नवलाची गोष्ट अशी की ते सरकतात, पण जागा मात्र सोडत नाहीत. १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स नावाच्या गृहस्थाने स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी हाच अनुभव घेऊन तो लिहून ठेवला; शास्त्रात त्याला धबधब्याचा भ्रम असेच म्हणतात.

असे का होते? मेंदूत गती टिपणाऱ्या पेशी आहेत. काही खाली जाणाऱ्या गतीला प्रतिसाद देतात, काही वर जाणाऱ्या. एरवी स्थिर वस्तूपुढे दोन्ही बाजू सारख्या असतात. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले म्हणजे दोर जागचा हलत नाही, तसे. मिनिटभर पाणी पाहून 'खालच्या' पेशी मंदावतात, 'वरच्या' ताज्या राहतात आणि दोर त्यांच्या बाजूला ओढला जातो. दगड हलला नाही, डोळाही हलला नाही. मेंदूतील तोल हलला आणि त्याबरोबर माझे दिसणे हलले. कॅमेऱ्याला असा अनुभव कधी येत नाही.

तोल हलण्याऐवजी तो भागच निकामी झाला तर? १९८३ साली म्युनिक येथील जोसेफ झील व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागील बाजूस दोन्हीकडे इजा झाल्यामुळे तिला गती दिसेनाशी झाली होती. रंग दिसत, वस्तू ओळखता येत. पण कपात चहा ओतताना त्याची धार तिला गोठलेल्या बर्फासारखी स्थिर दिसे आणि कप कधी भरला ते कळत नसे. रस्ता ओलांडताना लांब असलेली मोटार एकाएकी जवळ आलेली दिसे. तिचे डोळे धडधाकट होते. गेली होती ती दिसण्यातील एकच गोष्ट, गती.

तात्पर्य, दिसणे हे एकसंध वस्त्र नसून मेंदूतील अनेक हातांनी ते विणलेले असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९५८ पासून मांजराच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांत तर असे दिसून आले की विशिष्ट कोनात तिरक्या असलेल्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशीही तेथे आहेत. या कार्यासाठी १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ साली इंग्लंडमध्ये ब्रिंडली आणि ल्यूइन यांनी एका अंध स्त्रीच्या मेंदूच्या मागील भागावर विद्युत्-अग्रे बसवली. त्यांतून सूक्ष्म विद्युत् स्पंद सोडताच त्या स्त्रीला प्रकाशाचे ठिपके दिसले. डोळ्यात प्रकाशाचा किरणही शिरला नव्हता, तरी तिला उजेड दिसला. डोळे चेहऱ्यावर पुढे असले तरी दिसण्याचा मोठा कारखाना डोक्याच्या मागच्या बाजूस आहे, ही गोष्ट यावरून स्पष्ट व्हावी.

येथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल, 'मग प्रश्न सुटलाच की! मेंदू चालला की दिसते, बंद पडला की दिसत नाही.' पण प्रकरण इतके सोपे नाही. १९७४ साली लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाविषयी लिहिले. शस्त्रक्रियेत मेंदूचा मागचा काही भाग काढावा लागल्यामुळे त्याला डाव्या बाजूचे दिसत नसे. त्या बाजूला एखादी वस्तू ठेवून 'काय दिसते?' असे विचारले की तो म्हणे, 'काही नाही.' मग त्याला सांगितले, 'नसेना का दिसत. अंदाजाने सांगा, रेघ उभी आहे की आडवी? ठिपक्याकडे बोट करा.' त्याचे अंदाज इतके वेळा बरोबर आले की खुद्द त्यालाच आश्चर्य वाटले. याला 'अंधदृष्टी' म्हणता येईल. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर डी. बी. पाहत होता, पण त्याला दिसत नव्हते. मेंदूत दृष्टीचे काहीएक काम चालू होते, त्याचा हातही त्यानुसार हलत होता. फक्त 'मला' हा शब्द त्या वाक्यातून गळून पडला होता. म्हणजे मेंदूचे प्रत्येक काम म्हणजे दिसणे नव्हे. कोणते काम दिसणे बनते आणि कोणते अंधारातच राहते, हाच खरा प्रश्न आहे.

याची दुसरी बाजू मी माझ्या घरात पाहिली आहे. आमचे गाव परंडा तालुक्यात आहे. माझ्या आजीची नजर काचबिंदूने बरीच गेली. त्यानंतर काही महिन्यांनी ती ओसरीवर बसल्या बसल्या अंगणात एकटक पाहू लागली आणि मधूनच हाताने कोणाला तरी बाजूला सारल्यासारखे करू लागली. घरात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले वय झाले, डोके चालत नाही. कोणी म्हणाले बाहेरचे आहे, उतारा टाका. शेजारच्या बाईंनी देवऋषी सुचवला. एवढे सगळे झाले, पण तिच्याजवळ बसून कोणी काही विचारले नाही. एके दुपारी मी विचारले.

"आजी, काय दिसतंय तुला?"

"लेकरं दिसत्यात. तांबडी, हिरवी अंगडी घातलेली. बोलत न्हाईत, हासत न्हाईत. आली तशी जात्यात."

"खरी आहेत का गं ती?"

"खरी कशी असत्याल? खरी असती तर कुत्रं भुकलं असतं की!"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? एक तर येडी म्हनतील, न्हाईतर अंगारा लावतील."

कुत्र्याच्या भुंकण्यावरून खऱ्याखोट्याची पारख करणाऱ्या त्या बाईचे डोके चालत नव्हते असे कोण म्हणेल? पुढे शहरातील एका नेत्रतज्ज्ञांनी सांगितले की या प्रकाराला नाव आहे. जिनिव्हाचा विद्वान शार्ल बॉने याने १७६० साली आपल्या आजोबांची अशीच हकिकत लिहिली होती. त्या वृद्ध गृहस्थांची दृष्टी मंद झाली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. आणि त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. ती खरी नाहीत हे त्यांना ठाऊक होते. म्हणून या विकाराला आज शार्ल बॉनेचे नाव आहे. डोळ्यांकडून मेंदूला येणारा माल कमी पडू लागला की मेंदूतील दृष्टीचा कारखाना कधी कधी आपल्याच मनाने चालू लागतो, असे त्याचे स्थूल स्पष्टीकरण देतात. हे वेड नव्हे आणि बाधाही नव्हे. त्या दिवशी घरी परतल्यावर आजीची लेकरे गेली नाहीत, पण तिची भीती गेली.

१९९८ साली लंडनमध्ये डॉमिनिक फिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांना चुंबकीय यंत्रात निजवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. रुग्णाने करायचे एवढेच, की काही दिसू लागले की खूण करायची. ज्यांना रंग दिसत, त्यांच्या मेंदूतील रंगाचा भाग त्या वेळी जागा झालेला आढळला. ज्यांना चेहरे दिसत, त्यांचा चेहरे ओळखणारा भाग. समोर वस्तू नाही, डोळ्याचे साहाय्य नाही, तरीही काय दिसणार हे मेंदूचा कोणता भाग जागा आहे यावर ठरत होते. आपण 'भास झाला' असे म्हणून ज्याची बोळवण करतो, तो भासही मेंदूत रीतसर घडणारी घटना आहे. भास खोटा असेल तर तो जगाविषयी खोटा. भास झालेल्या माणसाविषयी तो खराच असतो.

आता या सगळ्यावरून निष्कर्ष काय काढावा? येथे दोन प्रकारचे लोक घाई करतात असे मला वाटते.

पहिल्यांचे म्हणणे असे की दिसणे म्हणजे मेंदूतील विजेची हालचाल, त्यापलीकडे काही नाही. यांना लाइब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने १७१४ सालीच एक अडचण घालून ठेवली आहे. विचार करणारे, जाणणारे एखादे यंत्र कल्पावे, ते मोठे करावे आणि पिठाच्या गिरणीत शिरावे तसे त्याच्या आत शिरावे. आत काय आढळेल? एकमेकांना ढकलणारे भाग. जाणीव कोठेच आढळणार नाही. आज आपण गिरणीत बरेच आत शिरलो आहोत. कोणता पट्टा कोणते चाक फिरवतो याचा नकाशा हाती येत आहे. परंतु तांबड्या अंगड्याचा तांबडेपणा त्या चाकांमध्ये कोठे दिसत नाही. १९९८ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे क्रिस्टॉफ कोख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज मारली की २५ वर्षांत जाणिवेचा मेंदूतील निश्चित ठसा सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये कोख यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे मद्याच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या हवाली केल्या. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात २५६ व्यक्तींवरील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. जाणिवेचे दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्त त्यात समोरासमोर तपासले गेले आणि दोघांनाही काही ठिकाणी माघार घ्यावी लागली. शास्त्राने आपला पराभव असा उघड मांडावा, यातच त्याचा मोठेपणा आहे.

दुसऱ्या प्रकारच्या लोकांना हे ऐकून आनंद होतो. 'पाहा, विज्ञान थकले! आमच्या उपनिषदांत हे सारे आधीच आहे.' बृहदारण्यक उपनिषदात मन अन्यत्र असेल तर डोळ्यांपुढचेही दिसत नाही, हा विचार आलेला आहे, हे खरे. त्याचा मला अभिमान आहे. पण एक उत्तम प्रश्न वारशाने मिळणे निराळे आणि त्याचे उत्तर मिळणे निराळे. चहाची धार गोठलेली दिसणाऱ्या त्या स्त्रीच्या मेंदूतील इजा कोणत्या जागी होती, हे उपनिषदातून कळणार नाही. जेथे अजून समजलेले नाही तेथे 'आत्मा' हा शब्द ठेवून दिला की विचार थांबतो; आणि विचार थांबला की त्या रिकाम्या जागेत देवऋषी येऊन बसतो. आपल्या मराठवाड्याने भानामतीच्या नावाखाली काय काय सोसले आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे उत्तमच झाले. पण कायदा भोंदूचा हात धरू शकतो. घरातल्या म्हातारीजवळ बसून तिला प्रश्न विचारणे हे काम कायदा करू शकत नाही.

या दोन्ही टोकांच्या मधून जाणारी एक वाट मला दिसते. वर सांगितलेली सारी उदाहरणे पुन्हा डोळ्यांखालून घाला. ब्रिंडली यांना विद्युत् स्पंद मोजता आले, पण उजेड दिसला हे त्या अंध स्त्रीने सांगितले तेव्हाच कळले. डी. बी. 'काही दिसत नाही' असे म्हणाला नसता तर अंधदृष्टीचा शोधच लागला नसता. त्याचे अचूक हात पाहून सर्वांनी त्याला डोळस ठरवले असते. लंडनच्या यंत्राने मेंदूचा जागा झालेला भाग दाखवला, पण त्या भागाचा दिसण्याशी संबंध जुळला तो रुग्णाच्या खुणेमुळे. यंत्रावरील आकडा आणि माणसाचे 'मला दिसते' हे वाक्य, या दोन साक्षींपैकी एक काढली की दावा कोसळतो. अलीकडे काही प्रयोगांत न विचारता, डोळ्यांच्या हालचालींवरून अंदाज बांधतात हे मी वाचले आहे. पण त्या हालचालींचा अर्थ लावण्याची किल्लीही आधी माणसांना विचारूनच घडवलेली असते.

कोणी आक्षेप घेईल की माणूस चुकतो, फसतो, खोटेही बोलतो. त्याच्या शब्दावर शास्त्र कसे उभारावे? आक्षेप रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. नळदुर्गच्या भिंतीसमोर उभा राहून 'दगड सरकतो' असे कोणी म्हणाला तर तो दगडाविषयी चुकला. 'मला दगड सरकताना दिसतो' असे म्हणाला तर त्याची चूक दाखवणार कोण? त्याचे हे वाक्य म्हणजे मेंदूच्या अभ्यासाला मिळालेला पुरावाच होय. अर्थात विश्वास ठेवणे म्हणजे तपासणी टाळणे नव्हे. म्हाताऱ्या माणसाला नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या तर तापापासून औषधांच्या परिणामापर्यंत आणि मेंदूच्या इतर विकारांपर्यंत अनेक कारणे असू शकतात. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पण डॉक्टरांना तरी काय सांगणार, जर आपण विचारलेच नसेल?

आणि म्हणून हा विषय कला शाखेचाही आहे असे मी आग्रहाने म्हणते. माणसाचे बोलणे नीट ऐकणे, त्याचा शब्द त्याच्याच बोलीत टिपणे, 'पाहणे' आणि 'दिसणे' यांतील अंतर ओळखणे, हे शिक्षण आपल्याला येथेच मिळते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया करून गोरगरिबांना दृष्टी दिली. ते कार्य त्यांचे. आपल्या हातून होण्याजोगे काम लहान आहे, पण ते दुसरे कोणी करत नाही.

माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते आणि त्यात बहुधा नेत्रतपासणीही असते. आपण विद्यार्थी तेथे नावे लिहून घेतो, रांगा लावतो, चष्म्याचे नंबर टिपतो. या वर्षीपासून त्या कागदावर आणखी एक रकाना आखावा. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्याजवळ स्वस्थ बसून, हसू न आणता, त्यांना विचारावे: 'मावशी, काका, तुम्हाला कधी नसलेली माणसं, नसलेल्या वस्तू दिसतात का? काय काय दिसतं?' जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, डॉक्टरांपुढे ठेवावे आणि घरच्यांना समजावून सांगावे. मेंदूतून दिसणे कसे उमलते याचे उत्तर जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांना मिळेल तेव्हा मिळो. तोवर 'मला दिसते' म्हणणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.